उंबऱ्यावरून काही देऊ नये

रशियात उंबऱ्यावरून हात मिळवत नाहीत, वस्तूही देत नाहीत. दारात आलेल्याने एक तर आत यावं, नाहीतर घरच्याने बाहेर जावं. उंबरा मध्ये ठेवून देवघेव केली की भांडण होतं, अशी समजूत. आपल्याकडे उंबऱ्यावर बसू नये, उंबऱ्यावर शिंकू नये म्हणतात, त्यातलीच ही. बाई विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारी असो की बाजारात बटाटे विकणारी, ही समजूत तिच्या अंगात असते.

२०१५ सालचा ऑक्टोबर. सारातोव शहरातली पाचमजली, बिनलिफ्टची इमारत. चौथ्या मजल्यावर नवीन भाडेकरू आलेत, अमेरिकन, म्हातारे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई काकडीच्या लोणच्याची बरणी घेऊन जिना चढतात आणि घंटी वाजवतात. दार उघडतं. आतली म्हातारी हसून दोन्ही हात पुढे करते. बाई चटका बसल्यासारख्या मागे सरकतात. ‘न्येत, न्येत!’ अमेरिकन म्हातारीला कळत नाही आपलं काय चुकलं. मग बाईच पाऊल आत टाकतात, चपला काढतात, आणि आतल्या फरशीवर उभ्या राहून बरणी तिच्या हाती देतात. आता आत आलेल्या माणसाला तसंच कसं पाठवायचं? चहा विचारायला हवा. पण त्या घरात चहा नाही. तो कधी असणारही नाही.

कारण हे जोडपं मॉर्मन आहे. चहा, कॉफी, दारू, तंबाखू चारही वर्ज्य. आणि ते इथे आलंय ते ‘मिशन’वर.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. हे जोडपं एकच नाही, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाईही एकच नाहीत. निवृत्तीनंतर रशियात दीड-दोन वर्षं काढून आलेल्या अशा अनेक जोडप्यांच्या आठवणींत, घरी पाठवलेल्या पत्रांत जे पुन्हा पुन्हा भेटतं, ते मी एका जिन्यात आणून ठेवलं आहे. साल, कायदे, शहर, हवा खरी. माणसं जोडून बनवलेली. म्हणून नावं देत नाही. मी त्यांना आजी आणि आजोबा म्हणणार आहे. आजोबा आयडाहोच्या पूर्व भागातले बटाट्याचे शेतकरी, आजी शाळेत संगीत शिकवणारी. पाच मुलं, पंधरा-सोळा नातवंडं. अशा घरांत हे आकडे नवलाचे नाहीत.

मॉर्मन हे लोकांनी पाडलेलं नाव. चर्चचं अधिकृत नाव लांबलचक आहे, त्यात येशू ख्रिस्त आणि ‘अंतिम दिवसांतले संत’ दोन्ही येतात. २०१८ पासून तर चर्च लोकांना टोपणनाव वापरू नका म्हणून सांगतंय. या पंथातली अठरा-एकोणीस वर्षांची मुलं दोनदोनच्या जोडीने, पांढरा सदरा, टाय आणि काळी नावपट्टी लावून जगभर फिरतात, हे चित्र बहुतेकांनी सिनेमात तरी पाहिलेलं असतं. मुलगे दोन वर्षं, मुली दीड. पण त्यांच्यामागे आणखी एक फळी असते, ती फारशी कुणाच्या नजरेत येत नाही. निवृत्त जोडपी. मुलं मार्गी लागली, कर्ज फिटलं, गुडघे अजून बरे आहेत, अशा वयात ही माणसं अर्ज करतात आणि सहा, बारा, अठरा किंवा तेवीस महिन्यांसाठी निघतात. खर्च स्वतःचा. २०११ पासून घरभाड्याला वरची मर्यादा घातली गेली, तेवढीच सवलत. तरुणांना त्या काळी सकाळी साडेसहाला उठण्याचा दंडक, जोडपी आपल्या वेळापत्रकाची मालक. दारोदार फिरून उपदेश करणं त्यांच्यावर बंधनकारक नसतं. कुणी कार्यालयाचे हिशेब बघतं, कुणी व्हीलचेअर वाटपासारख्या मदतीच्या कामात, कुणी छोट्या मंडळींना आपल्या पायावर उभं राहायला शिकवतं.

आपल्याकडे साठी उलटली की माणसं काय करतात? चारधाम करतात. गावातलं घर दुरुस्त करतात. आणि आता हजारो घरांत, अमेरिकेत किंवा जर्मनीत नातवंडं सांभाळायला जातात. सहा महिने राहायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. बर्फात पाय घसरण्याची भीती, दुकानात वस्तूचं नाव न आठवल्याने होणारी फजिती, दुपारी घरात कुणी नसताना येणारं रितेपण. न्यू जर्सीतल्या आपल्या आजी-आजोबांना या आयडाहोच्या जोडप्याचे पहिले तीन महिने वाचायला दिले तर ते पानापानावर मान डोलावतील. फरक एकच. आपले नातवंडांसाठी जातात, हे नातवंडं सोडून.

घरच्यांनी जायला ना केली नव्हती, पण मोठ्या मुलीने इंटरनेटवर शहराचं नाव टाकून पाहिलं होतं, आणि पहिलीच गोष्ट जी वर आली ती चांगली नव्हती. १९९८च्या मार्चमध्ये याच सारातोवमध्ये दोन तरुण मॉर्मन मिशनऱ्यांना पळवून नेलं होतं, मारहाण केली होती आणि तीन लाख डॉलरची खंडणी मागितली होती. काही दिवसांनी मुलं जिवंत सुटली. २०१३मध्ये त्यावर सिनेमाही निघाला. सारातोवची बाकीची ओळख मात्र वोल्गा नदीसारखी शांत, रुंद आहे. युरी गागारिन इथल्या तंत्रशाळेत शिकला, इथल्याच फ्लाइंग क्लबात पहिल्यांदा विमान चालवलं आणि १२ एप्रिल १९६१ला अंतराळातून उतरला तोही शहरापासून फार दूर नसलेल्या शेतात. नदीपलीकडे एंगेल्स हे जुळं शहर, मध्ये जवळपास तीन किलोमीटरचा पूल.

आजीला सगळ्यात आधी घाबरवलं ते भाषेने. सहा विभक्ती! आपल्याला याचं काय, आपण शाळेत आठ पाठ केल्या. पण इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला ‘टेबल’ हा शब्द टेबलावर, टेबलाला, टेबलाने असा दर वेळी शेपूट बदलतो हे पचत नाही. ‘तू’ आणि ‘तुम्ही’चंही तसंच. रशियनमध्ये ‘ती’ आणि ‘वी’. आजोबांनी पहिल्याच आठवड्यात पोलिसाला ‘तू’ म्हटलं आणि एका कुत्र्याला ‘तुम्ही’. पोलीस हसला म्हणे.

नावांची गोष्ट तर खास मराठी माणसाने ऐकावी अशी. रशियात मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. नाव आणि त्यापुढे वडिलांच्या नावावरून साधलेलं पितृनाम, असं मिळून संबोधन होतं. शेजारीणबाईंना आजोबांचं आडनाव उच्चारता येत नव्हतं, त्याची गरजही वाटत नव्हती. दुसऱ्याच भेटीत त्यांनी विचारलं, ‘वडिलांचं नाव?’ आजोबांनी सांगितलं. बाईंनी क्षणभर ते तोंडात घोळवलं, त्याला शेपूट लावलं आणि त्या दिवसापासून सबंध जिन्यात आजोबा त्यांच्या वडिलांसकट ओळखले जाऊ लागले. वारून तीस वर्षं झालेला आयडाहोचा एक शेतकरी असा वोल्गाकाठी रोज चार वेळा पुकारला जाऊ लागला. आजोबांनी हे घरी लिहिलं तेव्हा त्यांच्या बहिणीला रडू आलं.

*

शेजारीणबाईंनी त्यांना स्वीकारलं, पण एक शब्द त्या सहज, चव सांगावी तसा वापरत. सेक्ता. पंथ नव्हे, भोंदू पंथ. ‘तुम्ही सेक्तावाले, पण माणसं बरी.’

हा शब्द तिथे कसा रुजला ते समजून घ्यायला हवं, नाहीतर रशियन माणूस उगाच संशयी वाटतो. मॉर्मन चर्चची रशियावर नजर फार जुनी. १८४३मध्ये संस्थापक जोसेफ स्मिथने दोघांना रशियाला पाठवायचं ठरवलं होतं. पुढच्याच वर्षी त्याची हत्या झाली आणि ते राहिलं. १८९५मध्ये स्वीडनहून आलेल्या एका मिशनऱ्याने सेंट पीटर्सबर्गमध्ये नेवा नदीत एका जोडप्याला बाप्तिस्मा दिला. मग क्रांती आली आणि जवळजवळ शतकभर काहीच नाही. सोव्हिएत राज्यात मॉस्कोचं ख्रिस्त तारणहार कॅथेड्रल १९३१मध्ये सुरुंगाने उडवलं आणि पुढे त्या जागी पोहण्याचा तलाव बांधला. जिथे देशाच्या स्वतःच्या धर्माची ही गत, तिथे परक्या पंथाला कोण विचारतो?

मग १९९१. जूनमध्ये चर्चचा प्रसिद्ध गायकवृंद मॉस्कोत बल्शोय थिएटरमध्ये गायला, आणि त्या रात्रीच्या भोजनात उपाध्यक्ष अलेक्सांद्र रुत्स्कोय यांनी चर्चला रशियन प्रजासत्ताकात मान्यता मिळाल्याचं जाहीर केलं. पाठोपाठ धरण फुटल्यासारखे सगळेच आले. अमेरिकेचे धर्मोपदेशक बिली ग्रॅहम १९९२मध्ये मॉस्कोच्या स्टेडियममध्ये बोलले. जपानचा ओम शिनरिक्यो पंथसुद्धा आला, ज्याने १९९५मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला. त्याच वर्षांत रशियन माणसाचा पगार वाफेसारखा उडून गेला होता. पेन्शन महिनोन्‌महिने थकत होतं, आणि इस्त्री केलेल्या सदऱ्यातली परकी पोरं दारात येऊन विचारत होती की तुम्हाला सुखाचा मार्ग हवाय का. संताप येईल नाहीतर काय? १९९७च्या धर्मविषयक कायद्याच्या प्रस्तावनेत ऑर्थोडॉक्स धर्माचं देशाच्या इतिहासातलं खास स्थान नोंदवलं गेलं, ते या संतापाच्या जोरावर.

मराठी वाचकाला हे ऐकताना दोन मनं होतात. मला तरी होतात. ‘मिशनरी’ म्हटलं की आपल्या मनात सिंथिया फरारबाई येतात, ज्यांच्या अहमदनगरच्या शाळेत सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. १८४२पासून चाललेलं ‘ज्ञानोदय’ येतं. मिरजेचं इस्पितळ येतं. आणि त्याच शब्दाबरोबर घराघरांत झालेले आकांतही येतात, धर्मांतर केलेल्या मुलाच्या नावाने घातलेली आंघोळही येते. गंमत म्हणजे मॉर्मन मंडळी आपल्याकडेही येऊन गेली आहेत. ह्यू फिंडले नावाचा एक जण १८५२मध्ये मुंबईत उतरला, पुण्याला गेला, छावणीच्या आसपास मोजक्या माणसांची मंडळी जमवली आणि दोन-तीन वर्षांत परत फिरला. पुण्याला त्याची आठवण नाही. पुण्याला ज्यांची आठवण आहे त्यांची यादी आधीच मोठी.

*

आता आजी-आजोबांचा दिवस.

सकाळी आठला आजोबा खिडकीतल्या थर्मामीटरकडे बघतात. ही रशियन सवय त्यांना आठवड्याभरात लागली. घर गरम करायची सोय आपल्या हातात नाही. नळांतून सगळ्या वस्तीला गरम पाणी सुटतं, आणि ते सुटतं तेव्हा, जेव्हा सलग पाच दिवस सरासरी तापमान आठ अंशांखाली राहतं. त्याआधीच्या पंधरवड्यात अख्खं शहर घरात स्वेटर घालून बसतं. एकदा सुटलं की इतकं सुटतं की उणे वीसमध्ये खिडकी किलकिली ठेवावी लागते. आणि उन्हाळ्यात नळांच्या दुरुस्तीसाठी गरम पाणी दहा-चौदा दिवस बंद. आजी लिहिते की पातेल्यात पाणी तापवून मगाने अंघोळ करायला तिला रशियात यावं लागलं. आपल्याला यात बातमी नाही.

नऊपासून फोन. शहरातली तरुण मिशनरी मुलं आजीला नातवंडांसारखी. त्या काळी त्यांना घरी फोन करायची परवानगी वर्षातून दोनदाच, नाताळ आणि मातृदिन. दर आठवड्याला बोलायची मुभा २०१९मध्ये मिळाली. त्यामुळे एकोणीस वर्षांच्या पोराचं पोट बिघडलं, दाढ दुखली, की आईच्या जागी आजी. ती त्यांच्या खोल्या तपासायला जाते, हेही कामाचा भाग. फ्रिजमध्ये चार अंडी आणि मेयोनेझ एवढंच दिसतं. मग ती सूप घेऊन जाते. मुलांच्या कोटांची बटणं ती एवढी शिवते की शेजारीणबाईंनी विचारलं, तुमच्या चर्चमध्ये बटणाचा काही विधी असतो का.

बाजार हा आजोबांचा प्रांत. बटाट्याच्या ढिगापुढे ते उभे राहिले की विकणारी बाई आधी वैतागते, कारण एकेक बटाटा उचलून ते डोळ्यांजवळ नेतात, डोळे मोजतात. मग तिला कळतं की हा माणूस त्यातला आहे. भाषा दोघांनाही नसते. ती दुसऱ्या पोत्यातले काढून देते.

दुपारी भेटीगाठी. मंडळीतलं कुणी आजारी, कुणी एकटं, कुणी बऱ्याच महिन्यांत आलेलं नाही. मर्श्रुत्का नावाची ठासून भरलेली मिनीबस, ज्यात मागच्याने भाडं पुढच्याच्या खांद्यावर टॅप करून द्यायचं, ते हातोहात चालकापर्यंत जातं आणि सुट्टे तसेच हातोहात परत येतात. नाणं कधी हरवत नाही. घरात शिरताच बूट काढून पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सपाता घालायच्या. आजोबांचे पाय मोठे, टाचा बाहेर. फुलं नेली तर विषम संख्येत, सम फुलं मर्तिकाला. हे सगळं शिकता येतं. चहाचं मात्र दर वेळी नव्याने ओझं होतं. रशियन घरात चहाला नाही म्हणणं म्हणजे त्या घराला नाही म्हणणं. आपल्याकडेही निदान अर्धा कप, निदान नुसता घोट, असं चालतंच. इथे घोटही नाही.

यावर तोडगा शेजारीणबाईंनीच काढला. एका संध्याकाळी त्या वाळलेल्या पानांची पुडी घेऊन आल्या, अर्थात उंबरा ओलांडून. इवान-चाय. नावात चहा असला तरी हे चहाचं झाड नव्हेच. रानात जांभळ्या तुऱ्यांनी फुलणारी वनस्पती, जिची पानं आंबवून, वाळवून खेड्यांतली माणसं चिनी चहा परवडत नसे तेव्हा प्यायची. बाईंची आजी प्यायची. बाईंना स्वतःला ते आवडत नव्हतं, त्या शिस्तीत दुकानातला चहा पिणाऱ्या. पण आजी-आजोबांच्या पंथाच्या नियमात हे बसलं. तेव्हापासून चौथ्या मजल्यावर किटली चढू लागली.

रविवारची उपासना भाड्याच्या दालनात. चाळीस-पन्नास माणसं, त्यांत बायका अधिक. विधी साधा: पावाचा तुकडा आणि पाणी, वाइन नाही. देशभरात सभासदांचा आकडा बावीस-तेवीस हजारांच्या आसपास सांगितला जातो, चौदा कोटींहून जास्त लोकांच्या देशात. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन जेवणांचा उपास आणि वाचलेले पैसे गरजूंसाठी. ऑर्थोडॉक्स उपास म्हणजे दूध-मांस सोडणं, पाणीही सोडणारा उपास शेजारीणबाईंना अचाट वाटला. आजी कीबोर्डवर साथ करायची आणि दर गुरुवारी दोन मुलींना वाजवायला शिकवायची, म्हणजे ती गेल्यावर गाणं थांबू नये. आपण जाणार आहोत हे धरून केलेलं काम. मला त्यांच्या सगळ्या उद्योगांत हेच सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

*

एक काम मात्र असं होतं ज्यात आजोबा खरोखर रमले. वंशावळी. मॉर्मन माणसाला पूर्वजांची नावं शोधण्याचा ध्यास असतो, कारण त्यांच्या श्रद्धेनुसार मेलेल्या पूर्वजाच्या नावानेही बाप्तिस्मा घेता येतो. जिवंत वंशज त्याच्या वतीने मंदिरात उभा राहतो, आणि मेलेला परलोकात ते स्वीकारू वा नाकारू शकतो. यावरून वादही झाले. नाझी छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंची नावं यात आल्याने १९९५मध्ये चर्चला ती प्रथा आवरण्याचा करार करावा लागला. पण या ध्यासापायी त्यांनी जगभरच्या नोंदी फिल्मवर उतरवल्या. आपल्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा. त्र्यंबकेश्वरी गुरुजींनी वही उघडून खापरपणजोबांची सही दाखवली की जे वाटतं, ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना हा ध्यास अगदीच परका वाटू नये.

सारातोवमध्ये मात्र नोंद शोधणं म्हणजे जखमेवर हात ठेवणं. अठराव्या शतकात सम्राज्ञी कॅथरीनने बोलावलेले जर्मन शेतकरी इथे वोल्गाकाठी वसले. त्यांचं स्वायत्त प्रजासत्ताकही झालं, एंगेल्स त्याची राजधानी. २८ ऑगस्ट १९४१ला फर्मान निघालं आणि काही आठवड्यांत चार लाखांहून अधिक माणसं मालगाड्यांत घालून सैबेरिया आणि कझाकस्तानात पाठवली गेली. ज्यांचा कुणी रशियन नवरा होता, ज्यांनी आडनाव बदललं, ते राहिले आणि गप्प बसले. कुलाक, म्हणजे श्रीमंत शेतकरी, ठरवून ज्यांची जमीन काढून घेतली तेही गप्प, ज्यांचे आजोबा पाद्री होते तेही. तीन पिढ्या गप्प. आणि आता एक परका म्हातारा विचारतो, तुमच्या आजीचं माहेरचं नाव काय?

शेजारीणबाईंनी ते कधी सांगितलं नाही. ‘आमचे सगळे इथलेच,’ एवढंच. पण एका दुपारी त्यांनी स्वतःहून आजोबांना विचारलं की एंगेल्सच्या त्या अभिलेखागारात जायला काय काय कागद लागतात. तिथे वोल्गा जर्मनांच्या नोंदी आहेत, शहराला ठाऊक आहे. आजोबांनी अर्ज कसा करायचा ते लिहून दिलं. नंतर त्यांनी विचारलं नाही, बाईंनी सांगितलं नाही.

२०१६च्या मे महिन्यात बाई त्यांना आपल्या दाचावर घेऊन गेल्या. दाचा म्हणजे गावाबाहेरचा जमिनीचा तुकडा आणि त्यावरची लाकडी खोली. रशियन शहरी माणूस हिवाळ्याची बेगमी इथून करतो. बटाटे लावायचे होते. बाईंनी बर्चच्या झाडाकडे बोट केलं. त्याचं पान कोपेकच्या नाण्याएवढं झालं की बटाटा लावायचा. आजोबांनी आयुष्यभर जमिनीत थर्मामीटर खुपसून हाच दिवस शोधला होता. त्यांनी पान चिमटीत धरलं, नाण्याशी ताडून पाहिलं आणि फावडं उचललं. सहा सरी झाल्यावर बाईंनी त्यांच्या हातून फावडं काढून घेतलं आणि सांगितलं, आता बस, मरशील. ‘तू’ म्हणाल्या. पहिल्यांदाच.

*

जुलैमध्ये कायदा आला. इरिना यारोवाया या खासदारबाईंच्या नावाने ओळखला जाणारा हा कायदा खरं तर दहशतवादविरोधी, दूरध्वनीच्या नोंदी साठवण्यापासून बरंच काही त्यात आहे. पण त्यातल्या काही कलमांनी ‘मिशनरी कार्य’ म्हणजे काय याची व्याख्या केली: सभासद नसलेल्यांना ओढण्यासाठी श्रद्धेची माहिती पसरवणं. ते प्रार्थनास्थळासारख्या ठरवून दिलेल्या जागीच करायचं, अधिकारपत्र जवळ बाळगून करायचं. राहत्या घरात नाही. परदेशी माणसाने मोडलं तर तीस ते पन्नास हजार रूबल दंड आणि वर हकालपट्टीही. २० जुलै २०१६पासून अंमल. चर्चने जाहीर केलं की आम्ही कायदा पाळू. मिशनऱ्यांना आता ‘स्वयंसेवक’ म्हणायचं. ऑगस्टमध्येच समाऱ्याहून सहा तरुणांना देशाबाहेर घालवलं. समारा म्हणजे सारातोवचंच वरचं कार्यालय, आजीने ज्यांची बटणं शिवली त्यांचीच भावंडं.

आजोबा रोजनिशीत हिशेब मांडणारे. नव्या कायद्याने आपलं नेमकं काय बंद झालं, याची यादी करायला ते बसले. सूप? चालू. गुरुवारचा कीबोर्ड? चालू, तो सभासदांच्याच मुलींसाठी. आजाऱ्यांच्या भेटी चालू. वंशावळी? विचारल्याशिवाय बोलायचं नाही. चर्चबद्दल शेजाऱ्यांशी बोलणं बंद. यादी एवढीच झाली, आणि त्यातलं शेवटचं ते तसंही फारसं करत नव्हते. त्यांना रशियन येत नव्हतं!

मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. कायदा अन्यायाचा होता असं माझं मत आहे. घरातल्या बोलण्याला परवाना लावणारा कुठलाही कायदा मला तसाच वाटतो, तो कुणाच्याही विरुद्ध असो. पण त्याच वेळी हेही खरं की धर्म पसरवायला आलेल्या माणसाचं मौन पुष्कळदा त्याच्या बोलण्यापेक्षा सुसह्य असतं. आजी-आजोबांशी जिन्यातल्या लोकांचं जमलं ते त्यांच्याकडे शब्द नव्हते म्हणून. हे मी त्यांना समोर म्हटलं असतं तर त्यांना आवडलं नसतं.

बंद झालं ते बोलणं, पण त्याबरोबर एक भीती आत आली. शेजारीणबाई वर आल्या की आजी खिडकीकडे बघायची. टेबलावरचं पुस्तक उचलून कपाटात ठेवायची. जेवणाआधी मान खाली घालून दोन वाक्यं म्हणायची सवय, तीही पाहुणा असला तर ओठांतल्या ओठांत. बाईंच्या लक्षात आलं असणार. सोव्हिएत काळात वाढलेल्या माणसाला कपाटात काय जातं ते लगेच कळतं. त्यांनी एवढंच केलं की येताना रेडिओ घेऊन येऊ लागल्या. मोठ्याने लावायचा. सवयीने.

डिसेंबरच्या चार तारखेला सारातोव प्रांताने घड्याळ तासभर पुढे नेलं आणि मॉस्कोच्या वेळेशी फारकत घेतली. आयडाहोशी दहा तासांचं अंतर होतं ते अकरा झालं. नातवंडांशी बोलायची रविवारची ठरलेली वेळ मोडली. तिकडे चर्चला निघायची घाई, इकडे डोळ्यांवर झोप. आजीने त्या हिवाळ्यात लिहिलेल्या मजकुरात हा एक तास कायद्यापेक्षा जास्त वेळा येतो. तिच्या एका नातवाचं बारसं, म्हणजे त्यांच्यातला नामकरणाचा आशीर्वाद, तिने फोनच्या पडद्यावर बघितलं. छपराच्या कडेला लोंबणारे बर्फाचे सुळे अंगावर कोसळू नयेत म्हणून फुटपाथला लाल-पांढरी फीत बांधलेली असते, तरी आजोबा एकदा बर्फावरून घसरून आपटलेच. हाड मोडलं नाही. तिसऱ्या मजल्यावरून वॉडकाची बाटली आली, पिण्यासाठी नव्हे, चोळण्यासाठी. नियमात बसतं का यावर नवरा-बायकोत चर्चा झाली. बसलं.

*

२०१७च्या एप्रिलमध्ये वोल्गेचा बर्फ फुटला. लोक काठावर उभं राहून बघतात. मोठाले तुकडे एकमेकांवर चढतात, रात्रभर कुरकुर ऐकू येते. २० एप्रिलला मॉस्कोत सर्वोच्च न्यायालयाने यहोवाचे साक्षीदार या पंथावर देशभर बंदी घातली. मॉर्मनांवर नाही. पण मंडळीतल्या एका बाईने त्या रविवारी आजीचा हात सोडला नाही.

निघायचा दिवस त्याच आठवड्यातला. अठरा महिने संपले होते. मॉस्कोची गाडी रात्रीची, तिथून विमान. दोन बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो, आजोबांनी भाजीच्या काट्यावर दोनदा तोललेल्या. कीबोर्ड त्या दोन मुलींकडे गेला होता. सूपचं पातेलं मिशनरी मुलांकडे.

शेजारीणबाई वर आल्या. हातात रासबेरीच्या मुरंब्याची बरणी, मागच्या उन्हाळ्यातल्या दाचावरची. आजीने दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरकली. बाई आत आल्या, चपला काढल्या, मग बरणी दिली. बरणी दीड किलोची. आजोबांनी काहीही न बोलता बॅग उघडली आणि आपले बर्फातले बूट बाहेर काढून ठेवले.

मग बसायचं. लांबच्या प्रवासाला निघण्याआधी रशियात घरातली सगळी माणसं मिनिटभर गप्प बसतात, बॅगेवर, खुर्चीवर, जिथे जागा मिळेल तिथे. घरातल्या भुताला वाटावं की कुणी कुठे जात नाहीये. आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, तसंच. आजोबा बॅगेवर बसले. आजी पलंगाच्या कडेला. बाई रिकाम्या कपाटाला टेकून स्टुलावर. रेडिओ त्यांनी आज आणला नव्हता.

मिनिट संपलं तसं त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि असल्या वेळी तिथे म्हणायची रीत असते ते म्हणाल्या. त्या राहत्या घरात गेले नऊ महिने पाहुण्यांसमोर कुणी मोठ्याने न उच्चारलेला शब्द त्यात होता.

‘स बोगम.’

देवाबरोबर जा.